भाकड पाणी

आमच्या माजघरात देवाच्या कोनाड्याशेजारी काचेची एक नळी टांगलेली असे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली, एका बाजूला पोकळ फुगा, आणि फुग्याच्या वर-खाली एकेक बारीक रेघ. हळदीकुंकवाला येणाऱ्या बाया देवाला हात जोडत आणि त्याच ओघात नळीलाही जोडत. मी कोणाला अडवलं नाही. आमचं घर त्या नळीवरच तर चाललं होतं.

हे पांढुर्ण्याच्या स्टेशनाजवळ गॅसच्या कारखान्यात केमिस्ट होते. गॅस म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीत फसफसतो तो. कोळसा जाळायचा, त्याचा धूर धुऊन गार करायचा आणि एका उंच लोखंडी खांबात खालून वर सोडायचा. खांबाच्या माथ्यावरून अमीन नावाचं औषध पाण्यात मिसळून झिरपत खाली येई. धुरातली नेमकी एक हवा, आपण नाकातून बाहेर टाकतो तीच, ते अमीन धरून ठेवी. मग उकळलं की धरलेलं सगळं सोडून देई. सुटलेली हवा नळकांड्यांत भरून नागपूरच्या सोडावाल्यांकडे जाई, आणि रिकामं झालेलं अमीन परत खांबाच्या माथ्यावर.

ह्यांनी पहिल्यांदा त्याची बाटली घरी आणली तेव्हा माझ्या सासूबाई, देवकाबाई, पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांना अमीन एकच माहीत, कोर्टातून जप्ती घेऊन येतो तो. बाटलीतला अमीन निरुपद्रवी आहे हे पटायला त्यांना बरेच दिवस लागले. वास मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. शिळी मासळी आणि गोठा एकत्र केल्यासारखा तो वास होता.

कारखान्यातल्या नत्थूजी मिस्त्रीने ह्या औषधाला आपली नावं दिली होती. हवा धरून जड झालेलं ते गाभण पाणी. उकळून मोकळं केलेलं ते भाकड पाणी. गाभण पाणी दाट असतं, नळीतल्या फुग्यातून सावकाश उतरतं. भाकड चटकन उतरतं. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत किती वेळ लागला ते घड्याळावर धरायचं, की औषधात किती जीव उरला ते कळे. कारखान्यात दाबयंत्राने जमीन थरथरायची, वरून रुळांवरच्या गाड्या. नळी उभी राहीना. म्हणून ती जांब नदीच्या अलीकडे, आमच्या माजघरात आली.

मी शाळेत गेले नाही म्हटलं तरी चालेल. सौसरला माहेरी वडिलांच्या दुकानातल्या रद्दीवर मी अक्षरं लावली आणि औषधांच्या बाटल्यांवर इंग्रजी. नळीचं काम मी ह्यांच्या पाठीमागे उभी राहून शिकले. आधी हे हसले, मग सवयीने मलाच सांगू लागले. नळी काचेच्या हंडीतल्या पाण्यात बुडवायची, पाण्याची ऊब रोज सारखी ठेवायची, नाहीतर थंडीत सगळंच दाट वाटतं. अमीन रबरी फुग्याने ओढायचं, तोंडाने कधीच नाही. आणि ओतताना पदर तोंडाशी धरून मान वळवायची.

"तुझा श्वासही ते धरते," हे म्हणाले होते. "त्याले धूर काय अन् तू काय, सारखंच."

अशा गोष्टी त्यांना कौतुकाच्या वाटत.

आता दुसऱ्या बाईचं सांगते. मी दुसरेपणावर दिलेली. पहिली, सुधा, दिवस भरत आले असताना गेली. पोटातलं पोटातच राहिलं. माझी हळद उतरायच्या आत सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक घातला, सवतीचा टाक. त्यावर बाईचा ठसा, सोनाराने डोळे जरा मोठेच काढलेले. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. गोडाचा घास आधी तिला टेकवायचा, मग आपण खायचा. सवत तृप्त राहिली की त्रास देत नाही म्हणतात. तिच्या तृप्तीची काळजी घेता घेता मी जाड झाले.

जिवंत सवत असती तर तिच्या आमटीला नावं ठेवली असती. ही काही चुकतच नव्हती. घरात तिचं नाव कोणी घेत नसे, नुसतं "ती" म्हणत. ती पुरण कसं वाटे, ती पायऱ्या कशी उतरे. आणि माझी कूस उजवत नव्हती. सासूबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत. एकदा मात्र नत्थूजीचे शब्द त्यांनी ऐकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाटलीतच कायले, घरातही हायच की भाकड."

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते.

ज्याचा मला खरा सल होता ते वेगळंच. संध्याकाळी हे नळीसमोर स्टुलावर बसत, घड्याळ मुठीत धरत आणि उतरत्या पाण्याकडे बघत हलक्या आवाजात म्हणत, "ये... ये... सावकाश ये." इतक्या वर्षांत माझ्याशी ते त्या आवाजात एकदाही बोलले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, सवय आहे. कधीपासूनची, ते नाही सांगितलं.

छप्पन साली दिवाळीच्या सुमाराला प्रांत तुटले. नागपूर मुंबईच्या घरी गेलं आणि आम्ही भोपाळला आंदण. बाजारात माणसं मराठीत भांडत होती की आता आपण कोण. कारखान्याचे शेठ नागपूरचे. गिऱ्हाईक एका राज्यात आणि खांब दुसऱ्या राज्यात, त्यांना ते जड जाऊ लागलं. त्यांनी ह्यांना निरोप दिला की औषध चांगलं टिकत असेल तर पांढुर्ण्यात चालू ठेवू, खराब होत असेल तर सगळं उचलून नागपूरला नेऊ. ह्यांनी तिकडे यावं, राहायला एक खोली मिळेल.

"एकाच खोलीत आपण तिघं कसे मावू?" मी विचारलं.

"मी एकटाच जाईन सध्या," हे म्हणाले. "तू आईजवळ राय."

मी मान हलवली. आईजवळ म्हणजे सासूबाई आणि गळ्यातली ती. मला ह्यांच्याशिवाय त्या घरात काय होतं? त्या दिवसापासून नळीवर माझा डोळा राहिला. औषध चांगलं उतरायला हवं होतं. माझा संसार त्या दोन रेघांच्या मध्ये अडकला होता.

नेमकं तेव्हाच ते बिघडायला लागलं.

हे संध्याकाळी भाकड पाणी घरी आणत, मोजत. चटकन उतरे. उरलेलं बूच लावून नळीशेजारी ठेवत आणि सकाळी परत मोजत, ठेवल्या ठेवल्या दाट होतं का ते बघायला. कार्तिक सरत आला आणि सकाळचं पाणी दाट निघू लागलं. थोडं नाही, चांगलं गाभण.

आधी ह्यांनी थंडीला दोष दिला, पण हंडीतलं पाणी तेवढंच उबदार होतं. मग बुचाला दिला, नवं काचेचं बूच आलं. मग माझ्यावर आले.

"तू बाटली उघडून काही करून राहिली का?"

"मी कायले करू? मले तुम्हाले नागपूरला धाडायची हौस आली का?"

ते नळीकडे बघत म्हणाले, "एका माणसाच्या श्वासाने इतकं होतच नाही, अन् तेही बूच लावल्यावर."

मला त्यांच्या बोलण्यातलं "एका" तेवढं टोचलं. मला वाटलं, हे मी झोपल्यावर इथे येऊन बसत असतील. बाटली उघडून त्या पहिलीशी बोलत असतील. माझ्यासाठी नसलेलं बोलणं त्या पाण्यात उतरत असेल आणि सकाळी मलाच ते मोजून दाखवावं लागत असेल. म्हणून मी माजघराच्या दाराला आतून कडी घातली आणि बाटलीजवळ अंथरूण टाकलं. हे ओसरीवर झोपले, खोकत. सकाळी पाणी इतकं दाट होतं की फुग्यात क्षणभर टांगून राहिलं.

म्हणजे हे नव्हते. त्या खोलीत मी होते.

मी आणि टाक.

पुढच्या शनिवारी सासूबाई शेजारणींबरोबर मोटारीने जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेल्या. हे कारखान्यात. लख्ख दुपार होती, अंगणात संत्र्यांच्या साली वाळत घातल्या होत्या. मी लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या धुऊन कोरड्या केल्या. दोन वाट्यांत एकाच बाटलीतलं भाकड पाणी घेतलं. ह्यांनीच शिकवलं होतं की कशाचीही परीक्षा घेताना जोडीला एक तसंच रिकामं ठेवावं, म्हणजे मन खोटं बोलत नाही. एका पाटावर नुसती वाटी, त्यावर बरणी पालथी. दुसऱ्या पाटावर वाटी आणि तिला टेकवून उभा केलेला, गळ्यातून काढलेला टाक, त्यावर बरणी पालथी. दोन्ही बरण्यांच्या काठाभोवती कणीक लावून फटी बुजवल्या.

लग्नानंतर पहिल्यांदाच माझा गळा मोकळा होता. मला बरं वाटलं. मग मी तांदूळ निवडायला बसले, कारण हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नाही.

काही वेळाने मान वर केली.

पहिली बरणी स्वच्छ होती. पलीकडची खिडकी तिच्यातून दिसत होती.

दुसऱ्या बरणीच्या काचेवर, आतून, रुपयाएवढी वाफ धरली होती. मी बघत असताना ती विरली. मग परत धरली.

मी सूप खाली ठेवलं आणि जवळ गेले.

टाकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ती वाफ येत होती. संथ. येई, जाई.

तिच्या खाली, काठाजवळ, दुसरा एक ठसा होता. डाळीच्या दाण्याएवढा. तो घाईघाईने उमटत होता आणि पुसत होता.

मी कणीक सोलली. पदर तोंडाशी धरून दोन्ही वाट्यांतलं पाणी मी एकामागून एक नळीत भरलं. पहिलं चटकन उतरलं.

दुसरं उतरता उतरेना. आणि सलग उतरत नव्हतं. थोडं खाली येई, थांबे. परत येई, परत थांबे.

मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला.

मेल्यावरही ती गाभण होती. माझ्या गळ्यात, माझ्या छातीवर, माझ्या अंगाच्या उबेत ती ते मूल वाढवत होती. आणि तिच्यापायी माझा माणूस नागपूरला चालला होता.

मी शेगडी पेटवली. दुसऱ्या वाटीतलं पाणी पातेल्यात ओतलं आणि निखाऱ्यांवर ठेवलं. मोती सुटावेत तसे बुडबुडे सुटू लागले, कारखान्यात सुटतात तसेच. शिळ्या मासळीचा वास आला. मग तो गेला आणि दुसरा वास आला. भाजलेल्या बाळंतशेपा. ओव्याची धुरी. बाळंतिणीच्या खोलीत असतो तो वास, तेलाचा आणि ओल्या दुपट्यांचा.

मी पदर सोडला. मान वळवली नाही. पातेल्यावर वाकून, जे सुटलं ते सगळं मी आत ओढून घेतलं.

संपेपर्यंत.

संध्याकाळी टाक परत गळ्यात घातला तेव्हा तो पत्र्यासारखा हलका लागला. सासूबाई अंगारा आणि नारळ घेऊन आल्या. उंबऱ्यात थबकल्या, नाक वर केलं.

"घरात शेपा कोणं भाजल्या वं?"

"कोणी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. अंगारा माझ्या कपाळाला लावताना त्यांचं बोट कधी नव्हे इतकं हलकं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भाकड निघालं. नंतरही रोज भाकडच. हे खूश झाले, बुचाला श्रेय दिलं. शेठनी तरीही पुढे कारखाना हलवलाच, व्यापारी माणसाला निमित्त लागतं तेवढंच. पण तोवर मला दिवस गेले होते, आणि हे नागपूरला गेले नाहीत. सौसरच्या शाळेत त्यांना विज्ञान शिकवायला घेतलं. आम्ही माझ्या माहेरगावी आलो. नळी आणि मेण लावून बंद केलेली अमीनची एक बाटली, एवढंच त्या कारखान्याचं आमच्याकडे राहिलं.

मुलगी झाली. नाव मी ठेवलं, जयश्री. त्या नावावर मी अडून बसले. सासूबाई नातीला मांडीवर घेऊन समाधानाने गेल्या. शेवटच्या आजारात त्या तिला दुसऱ्याच, घरात इतकी वर्षं कोणी न घेतलेल्या नावाने हाक मारत, पण आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं? एकदा ह्यांच्याही तोंडून चुकून ते नाव गेलं. हे दचकले. जयश्री अंगणात खेळत होती. तिने तिथूनच ओ दिली.

ती चालायला लागली तेव्हा हे समोर उकिडवे बसून, दोन्ही हात पसरून म्हणत, "ये... ये... सावकाश ये." तोच आवाज. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभी होते. स्वतःच्या लेकीचा हेवा करणारी बाई फार मोठी नसते. पण मी तशी आहे, त्याला काय करू?

गुणी मुलगी आहे. देखणी आहे, डोळे जरा मोठे आहेत. पळत आली तरी तिला धाप लागत नाही. थंडीत शेजारची पोरं आरशावर हा करून वाफेत बोटाने चित्रं काढतात. जयश्रीही काढते, पण दुसऱ्यांच्या वाफेत. मी तिला तोंड लावून हा करताना पाहिलं आहे. आरसा तसाच राहतो. पोरांना वाटतं, तिला जमत नाही.

ह्यांना दोन वर्षांपासून दम लागतो. मलाही लागतो, घरातच जास्त. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, खिडक्या उघड्या ठेवा.

मागच्या महिन्यात एका दुपारी जयश्री शाळेतून येऊन खाटेवर झोपली. हे तिच्या पायाशी आरामखुर्चीत पेंगत होते. मी बाटलीचं मेण फोडलं, पाणी उकळून घेतलं आणि नळीत मोजून भाकड असल्याची खात्री केली. मग दारं-खिडक्या लावल्या. वाटी तिच्या उशाशी, नाकाजवळ ठेवली आणि शेजारी बसून राहिले. तिची छाती वर-खाली होत होती. शांत, नेमाने. कोणीही म्हणालं असतं, मूल छान झोपलंय.

उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा मी वाटी उचलली. पदर तोंडाशी धरला, पाणी नळीत भरलं.

चटकन उतरलं. परत भरलं. परत चटकन.

भाकड.

तिचा श्वास त्यात नव्हता, हे मी मनाशी धरूनच बसले होते. घड्याळ खाली ठेवलं आणि मग ध्यानात आलं. त्या बंद खोलीत मीही बसले होते. हेही होते. आमचे दोघांचे श्वास तरी त्यात उतरायला हवे होते. पाण्याआधीच ते कोणीतरी धरून ठेवले होते.

जयश्रीने झोपेतच कूस बदलली आणि तोंड माझ्याकडे केलं.